परक्या गावातली दोन वर्षं

विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत १९६६ च्या अखेरीस एक अमेरिकन परिचारिका राहायला आल्या. वय ६८, यजमान जाऊन तेरा वर्षं झालेली, मुलं आपापल्या संसाराला लागलेली. टीव्हीवर पीस कोअरची, म्हणजे परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी योजनेची, जाहिरात पाहून त्यांनी अर्ज केला होता. त्यांचं नाव लिलियन कार्टर. मुलगा जिमी तेव्हा जॉर्जियाच्या राजकारणात होता आणि अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून यायला त्याला आणखी दहा वर्षं लागायची होती. विक्रोळीत बाईंना आधी मिळालं ते कुटुंबनियोजनाचं काम. त्यात त्यांचं मन रमेना. पुढे वसाहतीच्या दवाखान्यात भारतीय डॉक्टरांच्या हाताखाली त्यांनी रुग्णसेवा केली, कुष्ठरुग्णांचीही. १९६८ मध्ये त्या परत गेल्या. घरी लिहिलेली त्यांची पत्रं १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आली. पन्नाशीनंतर पीस कोअरमध्ये सेवा करणाऱ्यांसाठी १९८६ पासून त्यांच्या नावाने पुरस्कारही दिला जातो.

या हकिगतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती कामाची अदलाबदल. पहिलं काम वरून ठरून आलं होतं. दुसऱ्या कामात रोज सकाळी दारात रुग्णांची रांग होती आणि आज काय करायचं हे सांगणारा डॉक्टर इथला होता. विकासकार्यासाठी परदेशी जाणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल गेली साठ-सत्तर वर्षं वाद चालू आहे. कुणी त्यांना देवमाणूस ठरवतं, कुणी साम्राज्यवादाचे हस्तक. या साऱ्या इतिहासाकडे नजर टाकली की एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. हा माणूस कुणाच्या हाताखाली काम करतो? त्याचं उत्तर जिथे ‘तिथल्या लोकांच्या’ असं आहे तिथे काहीतरी टिकाऊ घडलेलं दिसतं. बाकी ठिकाणी चांगले हेतूही वाया गेलेले आहेत.

या परंपरेची सुरुवात बहुतेक लोक पीस कोअर सुरू करणाऱ्या केनेडींपासून करतात. खरं तर ती त्याआधीची आहे, आणि तिचा एक धागा बिहारमधून जातो. पिएर सेरेसोल हे स्विस अभियंते आणि शांततावादी. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दंजवळच्या एका गावाची पुनर्बांधणी करायला १९२० मध्ये त्यांनी निरनिराळ्या देशांतले, त्यात जर्मनही, स्वयंसेवक जमवले. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार कोसळला तेव्हा सेरेसोल भारतात आले आणि नंतर मोजके सहकारी घेऊन पुन्हा आले. मदतीची सूत्रं राजेंद्रप्रसादांकडे होती. पाहुण्यांनी आपला वेगळा तंबू न ठोकता पुरापासून सुरक्षित अशा उंच जागी गावं नव्याने वसवण्याच्या कामात हात घातला. चार वर्षांनी, १९३८ मध्ये, उलट दिशेने काँग्रेसचं वैद्यकीय पथक चीनला निघालं. पाच डॉक्टरांच्या त्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणिसांवरचा चित्रपट आपल्याला माहीत असतो. ते चिनी शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि चिनी सेनेच्या शिस्तीत चिनी वरिष्ठांच्या हाताखाली राबले, याकडे मात्र आपलं कमी लक्ष जातं. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले तेव्हा अवघे ३२ वर्षांचे होते. ते युद्धातलं काम होतं, विकासाचं नव्हे. पण परक्या देशात जाऊन उपयोगी पडायचं तर कसं राहावं, याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या आशियात या कामाला नवं रूप दिलं ते ऑस्ट्रेलियाच्या हर्ब फाइथ यांनी. १९५१ मध्ये हा तरुण पदवीधर जाकार्ताला गेला आणि इंडोनेशियाच्या माहिती मंत्रालयात नोकरीला लागला, तिथल्या कारकुनांना मिळतो त्याच पगारावर. त्या काळी इंडोनेशियातला गोरा माणूस म्हणजे मोटार, बंगला आणि नोकरचाकर. फाइथ आणि त्यांच्या मागून आलेले पदवीधर सायकलवरून कचेरीत जात आणि इंडोनेशियन साहेबाच्या टेबलासमोर उभे राहत. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला याचं मोल कळत होतं. मला स्वतःला ही कल्पना नंतरच्या सगळ्या योजनांपेक्षा मोठी वाटते, कारण तिच्यात यजमान देशच मालक होता.

त्यानंतरच्या दोन दशकांत मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक आणि मोरा डिक्सन यांनी १९५८ मध्ये व्हीएसओ सुरू केली. सुरुवातीला शाळा संपवून विद्यापीठात जाण्याआधीची अठरा वर्षांची मुलं जात. पुढे पदवीधर जाऊ लागले, आणि आता अनुभवी शिक्षक, परिचारिका, अभियंते जातात. केनेडींनी १४ ऑक्टोबर १९६० रोजी रात्री दोनच्या सुमारास मिशिगन विद्यापीठाच्या पायऱ्यांवरून विद्यार्थ्यांना विचारलं, आयुष्यातली काही वर्षं परदेशी सेवेला द्याल का? १ मार्च १९६१ रोजी पीस कोअरचा हुकूम निघाला आणि ऑगस्टअखेर ५१ शिक्षकांची पहिली तुकडी घानात उतरली. जपानची योजना १९६५ मध्ये लाओसपासून सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना, यूएनव्ही, १९७० च्या ठरावातून जन्मली. तिचं मुख्यालय आज जर्मनीतल्या बॉनमध्ये आहे. पीस कोअरमधून आजवर दोन लाख चाळीस हजारांवर माणसं गेली आहेत, जपानच्या योजनेतून पन्नास हजारांवर. मॅगसेसे पुरस्कार या दोघांनाही मिळाला: पीस कोअरच्या आशियातल्या कामाला १९६३ मध्ये, जपानी स्वयंसेवकांना २०१६ मध्ये.

एवढी सगळी माणसं रोज करतात तरी काय?

पीस कोअरची मुदत २७ महिन्यांची असते. पहिले तीन महिने प्रशिक्षणाचे. स्वयंसेवक एखाद्या कुटुंबात राहतो, दिवसातले कित्येक तास भाषा घोकतो आणि संध्याकाळी त्या घरातल्या लहान मुलांकडून पुन्हा शिकतो. चूल कशी पेटवायची, एका बादलीत अंघोळ कशी आटपायची, कपडे हाताने कसे धुवायचे, वडीलधाऱ्यांना नमस्कार कसा करायचा, हे सगळं घरातल्या बायकाच शिकवतात. कागदोपत्री ज्यांना ‘यजमान कुटुंब’ म्हणतात त्यांची ही मेहनत संस्थांच्या अहवालांत क्वचितच दिसते. कुटुंबाला थोडा मोबदला मिळतो, पण वाढलेल्या माणसाला लहान मुलासारखं जपणं, त्याचं पोट बिघडलं की पेज करून घालणं, त्याला अंधारात एकटं न सोडणं याची किंमत त्यात धरलेली नसते.

मग नेमणुकीचं गाव. भत्ता स्थानिक चलनात मिळतो, साधारण तिथल्या माणसासारखं राहता येईल इतका. शाळेत किंवा आरोग्यकेंद्रात एक स्थानिक सहकारी जोडून दिलेला असतो. पहिले काही महिने कोणतंही मोठं काम हाती घेऊ नये, फक्त घरोघरी जावं, गाव समजून घ्यावं, असं सांगितलेलं असतं. याच काळात अनेकांचा धीर सुटतो. कॉलेजात पहिला आलेला मुलगा दिवसभर ओट्यावर बसून असतो. भाषा अर्धवट. येणारा-जाणारा तेच विचारतो: लग्न झालंय का, मुलं किती, आईबापांना सोडून इतक्या लांब का आलास? घरी पत्र जायला पूर्वी आठवडे लागत. आता खिशात फोन असतो, आणि त्यामुळे एकटेपणा घटला तसं गावात मिसळणंही लांबलं. शरीर मलावीत आणि मन रात्रभर ओहायोतल्या मित्रांच्या गप्पांत, अशी ओढाताण होते.

सर्वाधिक स्वयंसेवक शिक्षणाच्या कामात असतात. आफ्रिकेतल्या ग्रामीण शाळेतला वर्ग डोळ्यांसमोर आणा. साठ-सत्तर मुलं, एका बाकावर चौघं, पुस्तक तीन-चार जणांत एक. शिक्षक फळ्यावर लिहितो, मुलं वहीत उतरवतात, कारण ती वही हेच त्यांचं पाठ्यपुस्तक. छप्पर पत्र्याचं. पाऊस आला की आवाज इतका की शिकवणं थांबतंच. मग फळ्यावर गणितं लिहून द्यायची आणि बाकांमधून फिरत वह्या पाहायच्या. खडू संपला तर बाजाराच्या दिवसापर्यंत थांबायचं. बाजाराला नेणारी गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. या वर्गात परदेशी शिक्षकाला शेजारच्या वर्गातला स्थानिक शिक्षकच तारतो. मुलं कुणाची, कोणत्या घरात सध्या खायला नाही, कोणती मुलगी शाळा सोडण्याच्या बेतात आहे, हे त्याला माहीत असतं. पगार त्याचाही तुटपुंजा आणि बऱ्याचदा थकलेला. पाहुण्याला सांभाळणं हे त्याच्या कामात पडलेलं जादा ओझं असतं, आणि बहुतेक जण ते आनंदाने वाहतात.

शेतीच्या आणि मत्स्यपालनाच्या कामात शिकवणी दुतर्फा होते. माइक टिडवेल या स्वयंसेवकाने १९८५ ते १९८७ या काळात झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात, कलंबायी भागातल्या शेतकऱ्यांना तळ्यात तिलापिया मासे वाढवायला शिकवलं. त्याच्या पुस्तकातला एक प्रसंग या साऱ्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. शेतकऱ्याने महिनोन्‌महिने फावड्याने माती उपसून तळं खणलं, माशांना खाऊ घातलं, आणि पहिली काढणी झाली तेव्हा भाऊबंद, शेजारीपाजारी जमले. त्याने मासे वाटायला सुरुवात केली. टिडवेल कासावीस झाला. विकून दोन पैसे हाती यावेत म्हणून तर हा सगळा खटाटोप होता! पण त्या भागात विमा नाही, पेन्शन नाही, बँक नाही. आज ज्यांच्या ताटात मासा पडला तेच उद्या याच्या आजारपणात धावून येणार. वाटणं हीच तिथली बचत होती. टिडवेलला हे हळूहळू उमगलं, आणि उमगलं ते तिथे राहिला म्हणूनच. पंधरा दिवसांसाठी आलेला सल्लागार ‘शेतकऱ्यांत व्यावसायिक दृष्टी नाही’ असा शेरा मारून परतला असता. विकासाच्या कचेऱ्यांमधून असे शेरे ढिगाने पडून आहेत.

राहण्यातली आणि पाहण्यातली ही तफावत पहिल्याच वर्षी महागात पडली होती. ऑक्टोबर १९६१ मध्ये नायजेरियातल्या इबादान इथे प्रशिक्षण घेणाऱ्या एका अमेरिकन तरुणीने घरी पोस्टकार्ड लिहिलं. शहरातली गरिबी आणि अस्वच्छता पाहून बसलेला धक्का तिने मोकळेपणाने त्यात मांडला होता. कार्ड टपालात पडण्याआधीच हरवलं, नायजेरियन विद्यार्थ्यांच्या हाती लागलं आणि त्याच्या प्रती विद्यापीठभर वाटल्या गेल्या. सभा झाल्या, स्वयंसेवकांना परत पाठवा अशी मागणी झाली. मुलगी मायदेशी गेली. तिच्यात दुष्टपणा नव्हता. पण जेमतेम वर्षापूर्वी स्वतंत्र झालेल्या देशातल्या विद्यार्थ्यांचा संतापही रास्तच होता, कारण जिच्या मदतीसाठी आपण जागा करून दिली तीच आपलं वर्णन असं करते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं.

पुढच्या दशकात अविश्वास वाढत गेला. व्हिएतनामच्या युद्धामुळे अमेरिकन चेहऱ्याकडेच संशयाने पाहिलं जाऊ लागलं. बोलिव्हियात होर्हे सांहिनेस यांच्या १९६९ च्या ‘यावार माय्कू’ या चित्रपटात परदेशी स्वयंसेवक आदिवासी स्त्रियांची नसबंदी करतात असं दाखवलं गेलं. त्यावरून देश पेटला आणि १९७१ मध्ये पीस कोअरला तिथून हाकलण्यात आलं. भारतातही पंजाबातल्या कुक्कुटपालनापासून १९६१ मध्ये सुरू झालेला आणि चार हजारांवर स्वयंसेवक येऊन गेलेला कार्यक्रम १९७६ मध्ये संपला. बांगलादेश युद्धानंतर दोन्ही सरकारांचे संबंध आटले होते. त्याआधी, १९६८ च्या एप्रिलमध्ये, मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे विचारवंत इव्हान इलिच यांनी अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांना तोंडावर सुनावलं की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. ते भाषण आजही या क्षेत्रातल्या प्रशिक्षणांत वाचलं जातं. इलिच यांचं निदान मला बरंचसं पटतं. गरीब माणसाशी त्याच्या भाषेत बोलता न येणारा तरुण आपल्या सुखवस्तू जगाचा फेरीवाला ठरतो, हा त्यांचा रोख अचूक आहे. उपाय मात्र पटत नाही. सर्वांनी घरीच बसावं असं ठरलं तर कोटणिसांनाही सोलापुरातच राहावं लागलं असतं.

इलिच ज्याला घाबरत होते ते खऱ्या अर्थाने फोफावलं गेल्या दोन-तीन दशकांत. सुट्टीतलं स्वयंसेवन. दोन आठवडे, भरभक्कम फी, सकाळी अनाथाश्रमात इंग्रजी, दुपारी समुद्रकिनारा. इथे स्वयंसेवक गिऱ्हाईक असतो, म्हणून मालकही तोच. कंबोडिया आणि नेपाळ इथे याचे परिणाम भयंकर झाले. पाहुण्यांना भेटायला मुलं हवीत, म्हणून खेड्यांतून मुलं आणून आश्रम भरले गेले. त्यातल्या बहुतेकांचे आई किंवा वडील हयात असल्याचं तपासण्यांतून दिसून आलं. शिवाय जी माया लावते ती व्यक्ती दर पंधरवड्याला बदलते, आणि ते लहान मूल पुन्हा पुन्हा सोडलं जातं. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१८ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करण्याआधी जी चौकशी केली तीत अनाथाश्रमांच्या या व्यापाराची दखल घेतली. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांच्या परदेश सहलींतही आता अशा भेटी घुसू लागल्या तर पालकांनी साफ नकार द्यावा, असं मी कळकळीने सांगेन. मुलं ही प्रदर्शनात मांडायची गोष्ट नव्हे.

स्वयंसेवकांच्या वाट्याला येणाऱ्या धोक्यांबद्दल संस्था मोकळेपणाने बोलत नाहीत. हिवताप, आमांश, रस्त्यांवरचे अपघात हे नेहमीचे. स्त्रियांना सहन करावा लागणारा त्रास आणि अत्याचार हा त्याहून दडपला गेलेला विषय. २००९ मध्ये बेनिन देशात केट पुझी या तरुण शिक्षिकेचा खून झाला. शाळेतल्या मुलींवर अत्याचार होत असल्याची माहिती तिने विश्वासाने वरिष्ठांना कळवली होती. तिच्या कुटुंबाच्या आणि अत्याचार सोसलेल्या माजी स्वयंसेविकांच्या लढ्यातून २०११ मध्ये तिच्या नावाने अमेरिकेत कायदा झाला. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणं त्यामुळे बंधनकारक ठरलं. १९९३ च्या एप्रिलमध्ये कंबोडियात निवडणुकीच्या तयारीत असलेले जपानी यूएनव्ही स्वयंसेवक आत्सुहितो नाकाता गोळीबारात मारले गेले. त्यांच्या वडिलांनी नोकरी सोडली आणि यूएनव्हीचे सन्माननीय दूत म्हणून ते पुढची अनेक वर्षं देशोदेशी फिरले.

आणि तरीही स्वयंसेवकाकडे एक गोष्ट असते जी त्याच्या गावातल्या कुणाकडेच नसते. परतीचं तिकीट. १५ मार्च २०२० रोजी पीस कोअरने साठांहून अधिक देशांतल्या जवळपास सात हजार स्वयंसेवकांना माघारी बोलावलं. अनेकांना सामान बांधायला एक रात्र मिळाली, काहींना विद्यार्थ्यांचा निरोपही घेता आला नाही. पहिल्या तुकड्या पुन्हा निघाल्या त्या मार्च २०२२ मध्ये, झांबिया आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकाकडे. मधली दोन वर्षं सगळं काम स्थानिक सहकाऱ्यांनी ओढलं. कोणतं काम चालू राहिलं आणि कोणतं बंद पडलं, याची गावोगाव जाऊन नोंद व्हायला हवी. जिथे काम मुळापासून गावाचं होतं तिथे पाहुणा गेल्याने हळहळ वाटली असेल, काम अडलं नसेल.

काम कुणाचं, या प्रश्नाची आशादायक बाजू कोरियात दिसते. दक्षिण कोरियात १९६६ ते १९८१ या काळात पीस कोअरचे स्वयंसेवक इंग्रजी शिकवत आणि क्षयरोग, कुष्ठरोगाच्या केंद्रांत राबत. त्यातल्या कॅथलीन स्टीव्हन्स १९७५ मध्ये येसान गावातल्या शाळेत शिकवायला गेल्या आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या राजदूत म्हणून त्याच देशात परतल्या, कोरियन बोलत. दरम्यान कोरिया स्वतः स्वयंसेवक पाठवणारा देश झाला. नॉर्वेने तर २००० मध्ये आपली जुनी योजना मोडून नव्याने उभी केली. आता नॉर्वेचे तरुण आफ्रिका-आशियात जातात, तिकडचे नॉर्वेत येतात, आणि दक्षिणेतल्या देशांमध्ये आपसांतही देवाणघेवाण होते. युगांडाची परिचारिका नॉर्वेच्या इस्पितळात शिकवू शकते, हे मान्य केलं की मदत देणारा आणि घेणारा ही जुनी वाटणी ढिली पडते. फाइथ यांच्या सायकलीपासून सुरू झालेला विचार मला इथे पूर्ण झालेला दिसतो.

भारत कुठे आहे? भारत सरकारची आयटेक योजना १९६४ पासून तज्ज्ञ पाठवते आणि परदेशी अधिकाऱ्यांना इथे प्रशिक्षण देते. यूएनव्हीत भारतीय आहेतच. पण पंचविशीतल्या परिचारिकेला, शेतकी पदवीधराला, गणिताच्या शिक्षकाला दोन वर्षं टांझानियातल्या किंवा लाओसमधल्या गावात पाठवणारी, भाषा शिकवून पाठवणारी मोठी सरकारी योजना आपल्याकडे उभी राहिलेली नाही. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. आपल्या माणसाला पत्र्याचं छप्पर, भरलेला वर्ग, थकलेला पगार आणि एका बादलीतली अंघोळ नवी नाही; त्याचा पहिला धक्का कमी असेल आणि काम लवकर सुरू होईल. अडचण दुसरीच आहे. आफ्रिकन माणसाकडे पाहण्याची आपली नजर अजून स्वच्छ नाही. आपल्या शहरांत शिकायला आलेल्या आफ्रिकन विद्यार्थ्यांना घर भाड्याने मिळवताना काय ऐकून घ्यावं लागतं, हे विचारून पाहावं. म्हणून अशी योजना आखायची तर ती दुतर्फा असावी. इथून एक परिचारिका जाईल तेव्हा तिथून एक इथे, आपल्या ग्रामीण रुग्णालयात, आपल्या डॉक्टरांच्या आणि मेट्रनच्या हाताखाली रुजू होईल. भाषेचे तीन महिने दोघींनाही सक्तीचे. नेमणुकीची मागणी यजमान गावाच्या शाळेकडून किंवा दवाखान्याकडून लेखी यावी, आणि स्वयंसेविकेच्या कामाचा वर्षअखेरचा अहवाल दिल्लीने न लिहिता तिच्या तिथल्या वरिष्ठाने लिहावा.